रिकाम्या खाटेवरचा श्वास

विश्वास ठेवा, नका ठेवू. यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. आणि हे रात्री नाही, भरदुपारी घडलंय. गेल्या वर्षी, खोपोलीतल्या लहान मुलांच्या आयसीयूत.

माझी आरोही चार वर्षांची. न्यूमोनिया झाला नि तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं.

आजार ओसरला. पण मशीन सुटेना.

डॉक्टर तेजश्री मॅडम मशीनचा जोर कमी करायच्या. थोडा वेळ आरोहीची छाती आपली आपण हलायची... मग थांबायची. ओठ निळे. पुन्हा मशीन.

दोनदा असंच झालं.

त्या दुपारी मॅडम म्हणाल्या, "सोनालीताई, आज परत बघू. तुम्ही तिच्याशी बोलत राहा."

मी तिच्या कानाशी वाकले. "आरू, श्वास घे गं बाय. घे ना गं..."

छाती हलेना.

आणि तेव्हा... शेजारून श्वास ऐकू आला.

लहान मुलाचा. खरखरीत.

शेजारची खाट रिकामी होती. चादरसुद्धा नव्हती.

घशात नळी असली की मुलांचा रडण्याचाही आवाज येत नाही. म्हणजे तो आरोहीचा नव्हता.

पुन्हा आला... आणि त्याच्यामागून आरोहीची छाती वर आली.

पुन्हा तिकडे. मग इकडे.

जणू कुणीतरी तिला दाखवत होतं, असा घ्यायचा.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या मॉनिटरकडे बघत नव्हत्या. त्या खाटेकडे बघत होत्या.

"मॅडम, इथे कोण होतं?"

"तुम्ही बोलत राहा." खाटेवरची नजर न काढताच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नळी काढली. आरोही रडली. घसा बसलेला, पण आवाज तिचाच. दाराशी उभा असलेला माझा नवरा धावत आत आला.

तिला रसायनीला घरी आणलं. वाटलं, सुटलो.

पहिल्याच दुपारी ती झोपली नि मी ऐकलं...

एक श्वास भिंतीकडून. मग तिचा.

सासूबाईंनीही ऐकला. "बाहेरचं हाय कायतरी. उद्याच भगताला बोलावते. काढून टाकू."

मी त्यांचे पाय धरले. "नको आई. त्याला कुणी हात लावायचा नाय."

"येडी झालीस का गं? पोरीजवळ भूत ठेवतेस?"

"तो थांबला... आणि हिचा पण थांबला तर?"

त्यांनी आरोहीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. भगत आला नाही.

आरोही आता बालवाडीत जाते. जागी असली की काही नसतं. झोपली की मी उशाशी बसते, दोन्ही श्वास ऐकते.

कधीकधी तिकडचा जरा उशिरा येतो...

तेवढा वेळ मी हात जोडून बसते. देवापुढे नाही. त्या भिंतीकडे तोंड करून.