परतीचं विमान

मल्लिकार्जुनचं त्या रात्रीचं काम तसं साधं होतं. समाजाचं विमान छोट्या हत्ती टेम्पोत घालून सोलापूरला परत आणायचं, हॉलच्या मागच्या खोलीत ठेवायचं आणि घरी जाऊन झोपायचं. सकाळी दुसऱ्या कुणासाठी तरी ते लागणार होतं.

"त्या थंडीत म्हातारी माणसं अशी जात होती की झेंडू वाळायला सवड मिळत नव्हती," महेश्वरअण्णा म्हणाले. "एकाचे हार सोडायचे, दुसऱ्याचे बांधायचे."

अण्णांसमोर भुवना आणि तिचा धाकटा भाऊ शिवराज एकाच गोधडीत पाय घालून बसले होते. त्याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकवून, त्यांच्या त्याच दुपारी गेलेल्या आजोबांना, चनमल्लप्पांना, बसवलेलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार. हुबळीची आत्या सकाळी पोचणार होती, तोवर जागायचं होतं. शिवराजनं संध्याकाळीच विमान धुऊन, पट्टा मोकळा सोडून ठेवला होता. भजनवाले चहाला गेले तसा हॉल एकदम मोठा वाटायला लागला. मग शिवराजनंच विषय काढला: आजोबांचे मित्र ते पायलटअप्पा, त्यांच्या वेळी म्हणे काहीतरी झालं होतं.

"आज नको रे," भुवना म्हणाली.

"आजच सांगायला पाहिजे," अण्णा म्हणाले. "मल्लिकार्जुन माझ्या शेजारचा. त्यानं जे सांगितलं तेवढंच. पदरचं काही घालत नाही."

लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. लोखंडी मखरातल्या उंच पाठीच्या खुर्चीवर मांडी घालून बसवतात. छातीवरून पांढऱ्या कापडाचा पट्टा आवळतात, म्हणजे माणूस पुढं कलंडत नाही. वर कमान, कमानीला केळीचे खुंट, फुलं. त्यालाच विमान म्हणतात. जाताना त्यात माणूस असतो. येताना नसतो.

सिद्धलिंगप्पांनी दुसरंही विमान चालवलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत ते बॉम्बरचे पायलट होते. गल्लीत त्यांना पायलटअप्पा म्हणत. पोटी मूल नव्हतं, म्हणून पुतण्याचा मुलगा मल्लिकार्जुन आणि त्याची आई शरणम्मा त्यांचं बघायची. शेवटच्या आठवड्यात अप्पा नुसतं पुटपुटायचे. "लेफ्ट... लेफ्ट... स्टेडी." शरणम्माला वाटायचं, कूस बदलून हवीय. ती त्यांना डावीकडं वळवायची, पाठीला उशी लावायची. थोड्या वेळानं पुन्हा, "लेफ्ट..." इतक्यांदा वळवलं की डाव्या अंगाला जखम झाली. तिची चूक म्हणायची तरी कशी.

एका संध्याकाळी अप्पांनी मल्लिकार्जुनचं मनगट धरलं.

"मी नाही म्हणत ते. बरुआ म्हणतोय."

बरुआ त्यांचा नॅव्हिगेटर, आसामकडचा. दोघांचंच विमान होतं. वर काचेखाली पायलट, खाली विमानाच्या नाकात नॅव्हिगेटर. रात्रीच्या काळोखात तो खालून दिशा सांगायचा आणि अप्पा वर तसं वळवायचे. पायलटच्या खुर्चीला खटका होता. ओढला की खुर्ची माणसाला घेऊन बाहेर उडायची. खालच्याला तसली खुर्चीच नव्हती. त्यानं दारापर्यंत सरपटत जायचं. बॉम्ब टाकून परतताना विमानानं पेट घेतला. अप्पांनी खाली ओरडून सांगितलं आणि खटका ओढला. कानावरच्या हेडफोनची तार तुटेपर्यंत खालचा आवाज दिशा सांगतच होता.

"मी उतरलो," अप्पा म्हणाले. "तो खालीच बसलाय. माझं विमान रिकामं परत आणू नको, मल्लू. त्याला वर बसव."

"हो अप्पा," मल्लिकार्जुन म्हणाला. आजारी माणसाला म्हणतात तसं.

"शब्द?"

"शब्द."

पहाटे अप्पा गेले. मल्लिकार्जुननं त्यांच्या फोनमधले जुने नंबर लावून पाहिले. कुठं सुनेनं उचलला, "बाबा मागच्याच वर्षी गेले" म्हणाली. कुठं नंबर बंद. कळवायला कुणी उरलंच नव्हतं. अप्पांना ओळखणाऱ्यांपैकी आले ते एकटे चनमल्लप्पा, काठी टेकत.

वेळ अमावास्येचा दुसरा दिवस होता, रविवार. अक्कलकोटच्या पलीकडं अप्पांच्या शेतात आदल्या दिवशी पूजेला उभारलेली कडब्याची खोप अजून उभी होती. शेजारी खड्डा घेतला होता. माती लोटून होईस्तोवर अंधार पडला. पै-पाहुण्यांचं आवरता आवरता दहा वाजले. ज्वारीवर दव पडायला लागलं.

विमानाची देखभाल बसूमामाकडं असायची. विमान गाडीत चढवल्यावर त्यानं खुर्चीवर एक नारळ ठेवला.

"हे कशाला?" मल्लिकार्जुननं विचारलं.

"रिकामं न्हेत न्हाईत. ज्येला न्ह्यायचं त्येचं नाव घिऊन ठिवायचं असतंय."

"मग कुणाचं घेतलं?"

"देवाचं. आनि कुनाचं घिऊ, तुज्या सासऱ्याचं?"

"सासरा नाही मला."

"म्हनून तर देवाचं घेतलं."

मल्लिकार्जुनला हसू आलं. हसता हसता एकदम हलकंही वाटलं. रिकामं आणू नको, ते अप्पा याच रिवाजाचं म्हणत असणार. नारळ ठेवला. शब्द पाळला. बरुआचं नाव घ्यायचं राहिलं, हे त्याच्या मनातही आलं नाही.

बसूमामा वळसंगला उतरला. तिथं त्याची बहीण होती. उतरताना मागं जाऊन नारळ नीट केला, खिडकीशी आला.

"मधी कुटं थांबू नगं. लई धुकं हाय."

वळसंग मागं पडलं आणि नारळ घरंगळायला लागला. लोखंडावर ठक... ठक. वळणावर जास्त. मल्लिकार्जुननं थोडा वेळ सोसलं. मग गाडी कडेला घेतली, मागं गेला, नारळ उचलून पुढं आणला आणि बाजूच्या सीटवर ठेवला.

विमान रिकामं झालं.

गाडी सुरू केली. धुकं काचेला चिकटून होतं. दिव्यांचा उजेड दोन हातांवर अडत होता. रस्त्यावर कुणी नाही.

"लेफ्ट."

त्यानं फोनकडं पाहिलं. बंद होता.

"लेफ्ट... लेफ्ट..."

आवाज मागून येत होता. मागच्या काचेच्याही खालून. म्हातारा आवाज नव्हता. अप्पांचा नव्हता. पंचविशीतला कुणीतरी, घाई न करता बोलणारा.

मल्लिकार्जुनचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. हातानं आपोआप स्टिअरिंग डावीकडं ओढलं. चाकं मातीत उतरली. आणि उजव्या खिडकीला खसाखसा ऊस घासत गेला. मोडलेल्या ट्रॅक्टरची ट्रॉली, भर रस्त्यात उभी. दिवा नाही. लाल पट्टी नाही. आरसा तुटून पडला.

"स्टेडी."

गाडी थांबली. इंजिनही बंद पडलं.

मल्लिकार्जुनला हात स्टिअरिंगवरून काढता येईनात. त्याला वाचवलं होतं. ज्यानं वाचवलं, तो अजून खाली बसला होता... नारळ बाजूच्या सीटवर होता. आणि शब्द त्यानं दिलेला होता.

त्यानं मान वळवली नाही.

"बरुआ साहेब," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. "बरुआ साहेब... वर बसा. जागा आहे."

काही नाही.

मग गाडी मागं दबली. सावकाश. एक माणूस चढतो तेवढीच.

कुंभारी कधी गेलं, शहर कधी लागलं, त्याला कळलं नाही. हॉलच्या वॉचमननं विमान उतरवायला हात लावला. दोघांनी खोलीपर्यंत नेलं. वॉचमन मध्येच टेकला.

"रिकामंच हाय न्हवं?"

मल्लिकार्जुननं विमान खोलीत सरकवलं. खोलीला कडी घातली आणि चालत घरी गेला. टेम्पो तिथंच सोडून.

अण्णा थांबले. बाहेर कुणीतरी सायकलचं स्टँड लावलं, तेवढंच ऐकू आलं.

"मग?" शिवराज म्हणाला.

"सकाळी बसूनं खोली उघडली, तर खुर्चीवरचा पट्टा बांधलेला. शेतात अप्पांना उतरवताना त्यानंच स्वतःच्या हातानं सोडलेला. गाठ सुटेना. कापायला गेला तर सुरी चालेना. बाहेर लोक खोळंबलेले, घरात मयत बसवलेली. शेवटी मल्लूनं सगळं सांगितलं, आधी तुमच्या आजोबांना, मग मला."

"आजोबांना?"

"चनमल्लप्पा अप्पांचे मित्र. बरुआचं नाव त्यांनी अप्पांच्या तोंडून ऐकलेलं, पन्नास वर्षं. मल्लू म्हणाला, काका, मी बसा म्हणालो. उतरा म्हणायचं कुणी? हुकूम देणारा तर मीच मातीत ठेवून आलोय. तुमचे आजोबा काठी टेकत आले. सगळ्यांना बाहेर काढलं. दाराआडून मी ऐकलं. म्हणाले, 'बरुआ साहेब, थोडं उतरा. दुसऱ्याला न्यायचंय. परत बसा.' आणि बाहेर येऊन म्हणाले, घ्या."

"पट्टा सुटला?"

"सुटला. पण 'परत बसा' म्हणाले ना. तेव्हापासून तसंच. विमान परत आलं की दुसऱ्या दिवशी पट्टा बांधलेला. पुढचं माणूस न्यायच्या वेळी चनमल्लप्पा येणार, सांगणार. मग सुटणार. पायात जोर नव्हता तरी रिक्षा करून यायचे. तुम्हाला वाटायचं, आजोबांना मयतीला जायची हौस आहे."

भुवनाला आजोबांची ती घाई आठवली. कुणी गेल्याचा फोन आला की आधी चप्पल शोधायचे, मग विचारायचे कोण गेलं. ती त्यांना कितीदा रागावली होती.

"मल्लिकार्जुनदादा?" तिनं विचारलं.

"आईला घेऊन निघून गेला. नंबर बदलला."

हॉलच्या टोकाला आजोबा बसले होते. मान किंचित एका बाजूला गेली होती.

"पण अण्णा," शिवराज हळूच म्हणाला, "मी संध्याकाळी पट्टा मोकळा ठेवलाय. सुटा होता. मी स्वतः सोडला."

"बांधलेला होता का, सोडण्याआधी?"

"नाही... नुसता गुंडाळलेला."

"आज सकाळी एका मयतीसाठी चनमल्लप्पांनीच त्याला उतरवलं होतं; दुपारी विमान परत आलं तेव्हा ते गेलेलेच होते," अण्णा म्हणाले. भुवनाकडं बघत राहिले.

तिला कळलं, आज ही गोष्ट कशासाठी सांगितली ते. नाव आता आजोबांच्या घरातल्या कुणाला तरी ठाऊक असायला हवं होतं.

ती उठून मागच्या खोलीकडं गेली. शिवराज मागोमाग उठला आणि दारातच थांबला. तिनं फोनचा उजेड खोलीत टाकला. लोखंड धुतलेलं, चकचकीत. केळीचे खुंट लावलेले. खुर्ची.

पट्टा बांधलेला होता.

सैल नव्हता. खुर्चीच्या पाठीला चिकटलेलाही नव्हता. मध्ये एका छातीएवढी जागा सोडून, पुढं फुगून, आवळलेला.

"बरुआ साहेब," भुवना म्हणाली. "थोडं उतरा. माझ्या आजोबांना न्यायचंय."

'परत बसा' म्हणायच्या आधीच ती थांबली. सकाळ व्हायला अजून वेळ होता. बाहेर भजनवाले परत आल्याचे आवाज आले, टाळ कुणीतरी चुकून वाजवला.

तिनं हात पुढं केला आणि गाठीला बोट लावलं. डिसेंबरच्या त्या गार खोलीत सगळं लोखंड बर्फासारखं होतं.

कापड गरम होतं.