संध्याकाळी सातची वीज

सूर्य मावळल्यावर सूर्याची वीज कुठून येते, हा प्रश्न अकरा वर्षांच्या राही गावंडेला कधी पडलाच नव्हता. पडायचं कारणही नव्हतं. नागपूरच्या ज्या किरणनगर वसाहतीत ती राहायची, तिथल्या सगळ्या घरांनी मिळून ‘सूर्यसरिता’ नावाची वीजकंपनी निवडली होती. त्या काळात तसा नियमच झाला होता. आपण फोनची कंपनी निवडतो ना, तशी घरची वीज कुणाकडून घ्यायची, हेही ज्याचं त्यानं ठरवायचं. सूर्यसरितेचा शब्द होता, की तुम्ही वापराल ती शंभर टक्के वीज सूर्यापासून झालेली असेल. राहीचे बाबा वसाहतीचे सचिव होते आणि ही कंपनी सभेत त्यांनीच सुचवली होती. राहीनं तर शाळेत त्यावर भाषण केलं होतं. ‘आमच्या घरामुळे धुराचा एक कणही हवेत जात नाही,’ असं त्यात एक वाक्य होतं. त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत ती धामणखेड्याला गेली. तिथे तिची उमामावशी औष्णिक वीजकेंद्रात (कोळसा जाळून वीज करणाऱ्या कारखान्यात) इंजिनियर होती. मावशीची मुलगी केतकी राहीच्याच वयाची. पहिल्याच दिवशी, उन्हं कलायला लागली तशी केतकी लगबगीनं गच्चीवर गेली आणि दोरीवरचे कपडे ओढून काढायला लागली.

“अजून ओलेत की गं,” राही म्हणाली.

“असू देत. आता चिमणी जोर धरेल.”

राहीनं वळून पाहिलं. घरांच्या पलीकडे वीजकेंद्राची उंच चिमणी उभी होती. दुपारी तिच्यातून धुराची बारीकशी रेघ निघत होती. आता ती रेघ जाड होत चालली होती. बघता बघता तिचा करडा लोट झाला आणि वाऱ्याबरोबर गावाकडे झुकला. केतकी खोकायला लागली. खिशातला औषधाचा फवारा काढून तिनं तो तोंडात मारला, थोडं थांबली आणि पुन्हा कपडे गोळा करायला लागली, जसं काही झालंच नाही.

राही मात्र त्या लोटाकडे बघत राहिली. खाली येऊन तिनं मावशीला गाठलं. “मावशी, आता तर सगळे सूर्याची वीज घेतात. मग तुमची भट्टी कुणासाठी पेटते?”

कामावर निघालेली मावशी चपला घालता घालता थांबली. “पुष्कळ गावांसाठी. तुमच्या किरणनगरसाठीसुद्धा.”

राही हसली. तिला वाटलं, मावशी थट्टा करतेय. पण मावशी हसत नव्हती आणि केतकीही हसत नव्हती.

“आमची वीज सूर्याची आहे,” राही म्हणाली.

“उद्या माझ्याबरोबर केंद्रावर चल,” मावशी म्हणाली. “माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः बघ.”

त्या रात्री राहीला जेवण गेलं नाही. आपण शाळेत काय बोललो होतो, तेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परवानगी काढून मावशीनं दोघींना नियंत्रण कक्षात नेलं. तिथे भिंतभर पडदा होता आणि त्यावर तारांचं भलंमोठं जाळं उजळलं होतं. पडद्याशेजारी कमरेइतक्या उंचीचा एक यंत्रमानव उभा होता. त्याचं नाव तोल. विजेची मागणी आणि पुरवठा यांवर नजर ठेवायची, हे त्याचं काम.

“तोल, ही माझी भाची,” मावशी म्हणाली. “तिला किरणनगर दाखव.”

जाळ्यातला एक ठिपका मोठा झाला.

“आमच्या घरी येणारी वीज सूर्याची आहे ना?” राहीनं विचारलं.

“तुमच्या घरी येणारी वीज कुणाची आहे, हे मलाही सांगता येणार नाही,” तोल म्हणाला. “कुणालाच सांगता येणार नाही.”

राहीनं मावशीकडे पाहिलं. तिला वाटलं, यंत्र बिघडलंय.

“गावातली पाण्याची टाकी आठव,” मावशी समजावायला लागली. “तिच्यात विहिरीचं पाणी पडतं, नदीचं पडतं, कालव्याचंही पडतं. सगळं एकत्र होतं. तुझ्या नळाला आलेली धार विहिरीची की नदीची, ते कसं ओळखणार? वीजही तशीच. सूर्याची, वाऱ्याची, धरणाची, कोळशाची, सगळी या एका जाळ्यात एकत्र होते. तुमच्या घरापर्यंत सूर्यसरितेची वेगळी तार आलेलीच नाही.”

“मग आम्ही कंपनी निवडली म्हणजे काय केलं?”

“तुम्ही जितकी वीज जाळ्यातून घ्याल, तितकी सूर्यापासून केलेली वीज तुमच्या नावानं जाळ्यात भरायची, असा कंपनीनं शब्द दिला. तो शब्द तिनं पाळलाय. त्यात खोटं काही नाही.”

राहीचा जीव भांड्यात पडला. “मग झालं तर.”

“कधी भरायची, ते विचारलंस?” तोल म्हणाला.

त्यानं पडद्यावर दोन रेषा काढल्या. पिवळी रेषा सूर्यसरितेनं भरलेल्या विजेची होती. सकाळी ती वर चढायला लागली, भर दुपारी टोकाला पोचली आणि संध्याकाळी जमिनीला टेकली. लाल रेषा किरणनगरनं वापरलेल्या विजेची होती. दुपारी माणसं कामावर आणि मुलं शाळेत असताना ती खाली होती. संध्याकाळ होताच ती ताडकन वर उठली. दिवे, पंखे, शेगड्या, आणि घरी परतून चार्जिंगला लावलेल्या गाड्या.

संध्याकाळी सातच्या जागी पिवळी रेषाच नव्हती. एकटी लाल रेषा तेवढी उभी होती.

“असं समज,” मावशी म्हणाली, “की एका घरी दुपारी दहा भाकऱ्या केल्या आणि खाणारे होते चार. उरलेल्या शेजारी गेल्या. त्या घरातली सहा माणसं रात्री भुकेली आली, तेव्हा चूल थंड. मग त्यांनी दुसऱ्याच्या घरून सहा भाकऱ्या आणल्या. हिशेब लिहिणारा म्हणतो, दहा केल्या, दहा खाल्ल्या, बरोबर आहे. सूर्यसरिता असाच वर्षाचा हिशेब जुळवते. त्याला वार्षिक जुळणी (वर्षभरात भरलेली आणि वापरलेली वीज सारखी आहे ना, एवढंच पाहणं) म्हणतात.”

“दुपारच्या भाकऱ्या फुकट गेल्या?” केतकीनं विचारलं.

“नाही गं. त्या शेजारी गेल्या, म्हणून तर आमची भट्टी दिवसा मंद असते. पण वीज साठवली नाही तर लगेच वापरावी लागते. ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी पुरवठा. नाहीतर सगळ्या जाळ्याचा तोल जातो.”

तेवढ्यात तोलनं मान वळवली. “मागणी वाढतेय. दोन नंबरचा बॉयलर (पाण्याची वाफ करणारी प्रचंड भट्टी) वाढवावा लागेल.”

मावशी आपल्या जागेवर जाऊन बसली. तिनं काही कळा दाबल्या आणि पायाखालची जमीन हळूहळू थरथरायला लागली. एका छोट्या पडद्यावर भट्टीचं आतलं चित्र दिसत होतं. कोळशाच्या भुकटीचे झोत आत घुसत होते आणि ज्वाळा पिवळ्याच्या पांढऱ्या होत होत्या. राही ते पाहत उभी राहिली. या वेळी तिच्या घरी आईनं दिवा लावला असेल आणि बाबांनी गाडी चार्जिंगला लावली असेल. शेजारी केतकीनं खिशातल्या फवाऱ्यावर हात ठेवला होता.

“मला आधी कुणी का नाही सांगितलं?” राही म्हणाली.

“कुणी विचारलं नाही,” मावशी म्हणाली.

परत येताना मावशीनं सांगितलं, की दुसऱ्या प्रकारच्याही कंपन्या आहेत. त्या तासागणिक जुळणी (दर तासाला तुम्ही वापराल तेवढी वीज त्याच तासात भरणं) करतात. दुपारच्या जास्तीच्या विजेनं त्या पाणी डोंगरावरच्या तलावात चढवतात आणि संध्याकाळी खाली सोडून त्यावर टर्बाइन (वीज करणारी मोठी चाकं) फिरवतात. काही मोठमोठ्या बॅटऱ्या भरून ठेवतात. काहींच्या पवनचक्क्या रात्रीच्या वाऱ्यावर चालतात. अशा ‘अष्टप्रहर’ नावाच्या कंपनीकडे काही गावं गेली आणि गेल्या वर्षी केंद्रातला एक नंबरचा बॉयलर बंद झाला.

“दोन नंबरही बंद झाला तर?” राहीनं विचारलं. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. “मावशी, मग तुझं काम?”

मावशीनं केतकीच्या खांद्यावर हात ठेवला. “पाण्याच्या केंद्रावरही जाळं सांभाळायला माणसं लागतात. ते शिकायला मी नाव दिलंय. भीती वाटतेच. पण हिला खोकताना बघून जास्त वाटते.”

राहीनं बाबांना फोन लावला. रविवारी वसाहतीची सभा होती आणि सूर्यसरितेचा करार पुढे वाढवायचा होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “राही, आपल्याकडे शंभर टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे. मी लोकांना काय सांगू, आपली केतकी खोकते म्हणून?”

“हो,” राही म्हणाली. “तेच सांग.”

रविवारी ती नागपूरला परत आली आणि सभेत बाबांच्या शेजारी बसली. सूर्यसरितेकडून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी छान चित्रं दाखवली. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं त्या म्हणाल्या तेव्हा राही उभी राहिली.

“काल संध्याकाळी सात वाजता आम्ही वीज वापरली. त्या वेळी तुम्ही आमच्या नावानं जाळ्यात किती वीज भरत होतात?”

बाईंनी राहीकडे पाहिलं. त्यांना टाळता आलं असतं, पण त्यांनी टाळलं नाही. “त्या वेळी काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळची वीज जाळ्यात जी असेल ती असते. बहुतेक कोळशाची.”

पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तेच उत्तर पुन्हा ऐकलं. बाबा मान खाली घालून बसले होते. मग ते उठले आणि धामणखेड्याबद्दल, केतकीबद्दल बोलले.

त्या दिवशी एकमत झालं नाही. वादावादी झाली, दोन जण तर उठून गेले. पण पुढच्या सभेत किरणनगरनं अष्टप्रहर कंपनी निवडली आणि गाड्या शक्यतो दुपारीच चार्ज करायच्या, असंही ठरवलं. किरणनगर एकटं पुरलं नसतं. पण सातचा प्रश्न एका वसाहतीतून दुसरीत गेला, तिथून शेजारच्या गावांत गेला. जो तो आपल्या कंपनीला विचारायला लागला. काही महिन्यांनी खुद्द सूर्यसरितेनं बॅटऱ्यांचं केंद्र उभारायला घेतलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीनं राहीला मुद्दाम बोलावून घेतलं. ती दोघी मुलींना केंद्रात आत घेऊन गेली आणि दोन नंबरच्या बॉयलरपाशी थांबली. तिथे आवाज नव्हता. जमीन थरथरत नव्हती. मावशीनं भट्टीच्या पोलादी दाराला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग तिनं मुलींना खूण केली.

राहीनं घाबरत घाबरत हात लावला. पोलाद गार होतं.

“आता फक्त तीन नंबर,” केतकी म्हणाली. तिनंही हात लावला होता. मग तिनं विचारलं, “पण राही, मला एक कळत नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ढग असले आणि वाराही पडला, तर अष्टप्रहरवाले काय करतील?”

राहीनं उमामावशीकडे पाहिलं.

“त्याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडेच नाही,” मावशी म्हणाली. “चला, डब्यात धपाटे आणलेत. बाहेर झाडाखाली बसून खाऊ आणि त्याचाच विचार करू.”