पेटीवाल्याची नजर

नौपाड्यातल्या डॉक्टर विनितांच्या दवाखान्यातून ओढणीने तोंड झाकून मी बाहेर पडले, तर पायरीवर नेमका साईनाथ! एका हातात छत्री, खांद्याला आईची पर्स.

"काय बुवा... इकडे कुठे?"

माझ्यासारख्या कीर्तन करणाऱ्या मुलीला 'बुवा' म्हणणारा अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत हा एकटाच. माझ्या कीर्तनाला पेटीवर हाच असायचा. दिवाळीनंतर काही न सांगता यायचा थांबला. आणि आज दिसला तो असा, माझा अर्धा ओठ बधिर असताना!

"तुम्ही कुठे?" मी ओढणीतूनच विचारलं.

"आईची कवळी आणलीय दाखवायला... म्हणजे कवळीसकट आईला." मी हसले नाही. तोही गंभीर झाला. "अजून फिरवताच का तोंड मला बघून?"

"सोडून तुम्ही गेलात, साईनाथ."

"मग काय करणार? पेटीवाल्याला बुवांचे ओठ दिसावे लागतात. ओळ कुठे संपते, श्वास कुठे घेता, ते बघून मी सूर देतो. तुम्ही पलीकडे वळून गायला लागलात. मी चुकायला लागलो, लोक हसायला लागले. म्हटलं, बुवांना आपण नकोसे झालोत..."

एवढे महिने हा असं समजून होता!

"हिरड्या बिघडल्यात माझ्या," मी म्हणाले. "ब्रश लावला की रक्त. तोंडाला वास. आणि तुम्ही बसायचात हातभर अंतरावर..."

तो बघतच राहिला. "अरे देवा! आणि मी कीर्तनाआधी दोनदा आंघोळ करायचो... वाटायचं, माझाच घाम!"

आता मात्र हसू आलं. मी पटकन हात तोंडावर नेला.

"आत काय करतात?"

"मुळापर्यंत खरवडून साफ करतात. मग हिरडीतल्या खोल फटींत जंतू मारायचं औषध भरतात, तिथल्या तिथे. पण डॉक्टर म्हणतात, औषध नुसतं मदतीला. खरं काम सफाईचं. ती रोजची आपली आपण करायची."

"म्हणजे औषध पेटीवर. गायचं तुम्हीच."

"आणि समोरचा दात हलतोय तो?"

आतून त्याच्या आईने हाक मारली, तसा तो पर्स सावरत आत गेला.

बाकीच्या हिरड्या हळूहळू आवळल्या. समोरचा दात मात्र राहिला नाही. "याचं हाड आधीच झिजलं होतं, रसिका. तू फार उशिरा आलीस," डॉक्टर म्हणाल्या. जखम भरली की खोटा दात बसेल, हेही म्हणाल्या. मी ऐकतच नव्हते. घरी येऊन आरशासमोर 'संत' म्हणून पाहिलं. स शिट्टीसारखा निसटला. देवा, दुसरं काहीही न्यायचं होतंस रे... ज्या तोंडाने तुझं नाव घ्यायचं, तेच का?

शहाडच्या देवळातलं कीर्तन नको म्हणून कळवणार होते. तेवढ्यात साईनाथचा मेसेज आला. 'पेटी घेऊन बसतोय. याल तर बरं.'

मी गेले. पेटीकडे पाठ करून उभी राहिले. पहिल्याच ओळीला शिट्टी वाजली, पुढच्या दोन मुली फिसकन हसल्या. मागे पेटीचा सूर चुकला. मग मलाच ओळ आठवेना. पूर्वरंग कसाबसा उरकला. मनात एकच, हे शेवटचं कीर्तन.

मध्यंतराला बुवांना बुक्का लावतात. पुजारीबुवा पुढे येत होते, पण त्यांच्या हातातलं ताट साईनाथने घेतलं. अशी रीत नाही. मंडळी कुजबुजली.

त्याचं बोट माझ्या कपाळाला टेकलं.

"रसिका..." बुवा नाही. रसिका! "दात गेला ते दिसलं. आता तरी वळा माझ्याकडे. तुमच्या ओठांशिवाय मला वाजवता येत नाही. आणि हल्ली दुसरंही काही सुचत नाही..."

मी तोंड मिटून पुटपुटले, "वास—"

"बुक्क्याचा येतोय," तो म्हणाला आणि पेटीवर जाऊन बसला.

उत्तररंगाला मी त्याच्याकडे वळले. तोंड उघडलं. संतांचा स तस्साच निसटला, मुली तशाच हसल्या. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना...

त्याची नजर माझ्या ओठांवर होती. सूर मात्र एकदाही चुकला नाही.