जमनीला दिलेलं काम

वाळत घातलेल्या चादरी काढायला मी बाहेर गेले, तेव्हा घाटंजीच्या बाजूने धूळ उठत होती. अठ्ठावन्न सालचा वैशाख. आमचा प्रसूतीचा वॉर्ड दोन खाटांचा, डॉक्टर यवतमाळला गेलेले, नर्स मी एकटीच. तांड्यावरच्या लालीबाईला आत कळा येत होत्या. अजून वेळ आहे, असा माझा अंदाज.

अंदाज चुकला. वावटळीने खिडक्या काळ्या केल्या आणि त्या अंधारातच मूल झालं. वार पडली. धुळीचा आणि रक्ताचा वास नाकात बसला. बाळ निळं, श्वास नाही. आईचं पोट सैल, रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, ते लागू पडेपर्यंत पोट चोळत राहायला हवं होतं. आणि माझे हात दोनच.

आया रुपीबाई दारातच थांबली. "त्या खाटीले म्या हात नाई लावत, बाई. जमनी हाय तिथं."

जमनी मागच्या महिन्यात त्याच खाटेवर गेली होती. तांड्यावरून आणताना बैलगाडीतच तिचं निम्मं रक्त सांडलं होतं, मूलही वाचलं नाही. मला रुपीबाईचा संताप आला. पण भ्यालेल्या माणसाच्या हाती कुणाचा जीव सोपवत नाहीत. तिला मी चुलीवर पाणी तापवायला धाडलं. बाळाचा श्वास आधी, हे ठरलेलंच. मग आईला कोणावर सोपवू?

"जमनी," मी अंधाराला म्हटलं, "असशील तर कामाला लाग. इथे हात ठेव, चोळत राहा. मऊ पडलं की हाक मार." काम सांगितलं की समोरच्याकडून म्हणवून घ्यायची माझी सवय. तशीच दरडावून विचारलं, "काय करशील, सांग."

"मऊ पडलं... तं हाक मारतो."

लालीबाई तर बेशुद्ध होती. तरी बाळाच्या तोंडावरचं तोंड मी काढलं नाही. फुंकर. पुन्हा फुंकर.

"बाई... मऊ."

धावले, दाबलं, गर्भाशयाचा गोळा घट्ट झाला, परत बाळाकडे आले. बाळ रडलं.

तशी ती अगदी कानाशी म्हणाली, "माह्यं लेकरू... दे."

"हे तुझं नाही, लालीबाईचं आहे," मी म्हटलं. "तुझं गेलं, त्याचं मला वाईट वाटतं. पण हे मी देणार नाही. तुझं काम झालं, हात काढ."

धूळ बसली, उजेड आला. रक्त थांबलं होतं. लालीबाईच्या पोटावर मात्र चार बोटांचे खळगे तसेच दबलेले होते. मी बाळाला छातीशी आवळलं आणि मोकळा हात त्या खळग्यांवर ठेवला.

तिथे थंड बोटं होती. ती उलटली आणि त्यांनी माझा हात धरला.

"धर," मी म्हटलं, "हवा तेवढा वेळ धर. बाळ दुसऱ्या हातात आहे."