तिसरी चावी

तू फक्त ऐक हं, मधे बोलू नकोस. माझा चुलतभाऊ चाव्या बनवतो ना, तो दादा? जन्माचा संशयी. दुधानं तोंड पोळायच्या आधीच ताक फुंकून पिणारा! आम्ही हसायचो. पण लग्नानंतर तो दर महिन्याला घराचं कुलूप बदलायला लागला. म्हणे कुणीतरी येऊन जातं. नेत काहीच नाही, फक्त खुर्ची खिडकीकडे फिरवून ठेवतं.

"अहो, झाडताना मीच फिरवते!" वहिनी म्हणाली.

झालं, मग वहिनीवरच पाळत. तिचा फोन, तिच्या चपला, अगदी केराची बादलीसुद्धा. तिनं बॅग भरली, तेव्हा कुठे स्वारी डॉक्टरीणबाईंकडे गेली.

त्या म्हणाल्या, "संशय सगळ्यांकडेच पाहुणा येतो. तुमच्याकडे तो घरमालक झालाय."

गोळ्यांनी चार महिन्यांत दादा ताळ्यावर आला. तरी वहिनीनं बजावलंच, "पुन्हा 'कुणीतरी येतं' म्हणालात, तर मी चालले. कायमची."

गेल्या सोमवारी जुनं कुलूप खरंच मोडलं. दादानं नवं बसवलं, चाव्या दोनच घडवल्या. घरच्या चावीवर तो कानशीनं दोन तिरक्या खाचा मारतो, दुसऱ्या कुणाच्याच नाही. एक चावी स्वतःला, एक वहिनीला.

आज भरदुपारी दुकानात एक माणूस आला. साधा, इस्त्रीच्या शर्टातला.

"हिच्यासारखीच एक करून द्या."

दादानं चावी हातात घेतली. दोन तिरक्या खाचा.

त्यानं खिसा चाचपला. स्वतःची चावी होती. वहिनीला फोन लावला. "तुझी चावी आहे ना गं?"

"ही काय, आत्ताच दार उघडून आत आले. का हो?"

"काही नाही. उगाच."

गोळ्यांचं पाकीट बघितलं. सकाळची घेतलेली.

मग त्यानं चावीवरून अंगठा फिरवला. दाते गुळगुळीत. खाचा जेमतेम लागत होत्या. एवढं झिजायला वीस वर्षं लागतात रे.

कुलूप आठ दिवसांचं.

"मशीन बंद आहे," दादा कसाबसा म्हणाला.

माणसानं चावी परत घेतली. हसला.

"हरकत नाही. खिडकीपाशी बसतो तोवर."

आणि गेला.

दादा फोन हातात धरून उभा. लावला, तर वहिनी कायमची जाते. नाही लावला, तर...

तू काय केलं असतंस?