मच्छरदाणीतली भेंडी

पूर्णा नदीकाठच्या प्रयोगशेतात भेंडीच्या ओळीमागून ओळी हळद्या रोगाने पिवळ्या पडत होत्या. कृत्तिका मात्र एकाच झाडापाशी बसून असायची. त्याच्यावर तिने मच्छरदाणी टाकून आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, लाल दोऱ्याने बांधली होती. वारण्यापूर्वी आबांनी स्वतःच्या हाताने मातीत टोकलेलं ते शेवटचं बी.

तिला एकच कळत नव्हतं. आबा तर रोपांचे शास्त्रज्ञ. मग ‘औषध फवारू नकोस, मध्ये मध्ये रोगट झाडं राहू दे,’ असं ते त्यांच्या यंत्रमानवाला, खुरप्याला, का सांगून गेले?

“तू मरू देतोयस सगळ्यांना,” ती म्हणाली. “आबांनाही कुणी वाचवलं नाही.”

खुरप्याची चाकं थांबली. “ताई, हे झाड हिरवं कशामुळे आहे? स्वतःच्या गुणामुळे, की जाळीमुळे?”

तिने जाळीची कड मातीत आणखी खोचली. खुरप्याच पुढे सांगू लागला.

“पांढरी माशी रोगट पानाचा रस पिते आणि निरोगी पानावर बसते. तिच्याबरोबर विषाणू (रोगाचा अतिसूक्ष्म कण) आत शिरतो. त्याला स्वतःचं स्वयंपाकघर नसतं. तो झाडाच्या पेशीतली भांडी वापरून स्वतःसारखेच हजारो विषाणू रांधतो.”

“मग रानभेंडी कशी पिवळी पडत नाही?”

“तिच्या एका जनुकात (पेशीतल्या सूचनेत) फरक आहे. विषाणूला हवं ते भांडंच तिच्याकडे वेगळ्या घडणीचं. पाहुणा येतो आणि उपाशी बसतो. पण ती काटेरी, बेचव. म्हणून आबांनी तिचा आपल्या भेंडीशी संकर केला (एकीचे पराग दुसरीच्या फुलाला लावले). ही झाडं म्हणजे त्या दोघींची नातवंडं. कुणाला तो गुण आला, कुणाला नाही. तुला नाही का आबांचं नाक आलं?”

“माझ्या नाकावर जाऊ नकोस!” ती हसली, आणि हसता हसता रडू लागली.

खुरप्या चाकं वळवून तिच्याजवळ आला. मग हळूच म्हणाला, “गुण कुणात आहे, ते रोग आल्याशिवाय कळत नाही, ताई.”

तिने दोरा सोडला. मच्छरदाणी घडी घालून मांडीवर ठेवली.

काही दिवसांत त्या झाडाच्या शिरा पिवळ्या पडल्या. कृत्तिकाने त्याच्या पानावरून बोट फिरवलं. मग ती उठली आणि पहिल्यांदाच सगळं शेत चालून आली.

बांधालगत, रोगट झाडांच्या गर्दीत, एक भेंडी हिरवीगार उभी होती. पांढऱ्या माश्या तिच्याही पानांवर बसल्या होत्या.

“खुरप्या!”

त्याने पान न् पान तपासलं. “या झाडाचं बी धरायचं. पुढच्या वर्षी पुन्हा रोगट झाडांमध्येच टोकायचं. पुन्हा हिरवं राहिलं, तर चवीच्या भेंडीशी संकर. वेळ लागेल.”

“आबा असायला हवे होते.”

“हो.”

तिने खिशातला लाल दोरा काढून झाडाला बांधला.

“घट्ट बांध, सुटेल,” खुरप्या म्हणाला.

“नाही. गाठ सैलच ठेवायची,” कृत्तिका म्हणाली. “आबा सांगायचे, खोड अजून वाढायचं असतं.”