या, जेवायला

हे ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. शामलामावशीच्या तोंडावर मात्र म्हणू नये, एवढंच. ती माझी सख्खी मावशी. उभा जन्म नर्स म्हणून राबलेली, कितीतरी माणसांचे डोळे स्वतःच्या हाताने मिटलेली बाई. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती आम्हालाच वेड्यात काढायची.

साल १९९०, ऑगस्ट महिना. जागा कुवेतमधलं एगैला, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

मावशीचे यजमान देवदत्तकाका कुवेत शहराच्या शर्क भागातल्या एका कंपनीत अकाउंटंट. कंपनीने खूश होऊन त्यांच्यासह चौघा कर्मचाऱ्यांना आफ्रिकेच्या सहलीला पाठवलं होतं. व्हिक्टोरिया धबधबा आणि जंगल सफारी. मावशीला हॉस्पिटलमधून रजा मिळेना, म्हणून काका तिच्याशिवायच गेले.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांचा हॉटेलातून फोन आला. स्वारी भलतीच खुशीत. नदीवर हत्तींचा कळप आला होता, पाणघोडे अगदी जवळून दिसले, असं लहान पोरासारखं सांगत होते. मग त्यांनी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. लांबवर पाणी कोसळत असल्याचा एकसारखा घुमारा मावशीच्या कानात भरला.

उद्या अगदी कड्यापर्यंत जाणार, असं काका म्हणाले.

"अहो, कडेला जाऊ नका. पाय घसरेल..."

तेवढ्यात फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे इराकचे रणगाडे कुवेतमध्ये शिरले. परदेशचे फोन बंद. काका कड्यावर गेले की नाही, आहेत की नाहीत, हे कळायला मावशीला काही मार्गच उरला नाही.

हळूहळू बिल्डिंग रिकामी होऊ लागली. आपली माणसं बसने बगदाद, तिथून अम्मान, तिथून विमानाने मुंबई, अशी निघाली होती. समोरच्या फ्लॅटमधली मालवणची द्वारकासुद्धा नवऱ्याबरोबर बांधाबांध करत होती. सगळे मावशीला म्हणत, चल. ही हटून बसली. म्हणे, हे आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? आता सरहद्दच बंद, तर काका येणार कुठून? तिलाही कळत होतं हो. पण पाय निघत नव्हता.

एका दुपारी ती एकटीच जेवायला बसली. वीज गेलेली. नळ कोरडे ठणठणीत. डाळभाताचे दोन घास खाल्ले असतील नसतील...

जिन्यावर पावलं वाजली.

दाराशी येऊन थांबली.

जेवताना कुणी दारात आलं, तर तोंडात घास असला तरी आपण काय म्हणतो? मावशीही सवयीने म्हणून गेली, "या, जेवायला."

दार उघडलं नाही. पण समोरची खुर्ची...

सरकली.

मावशीने धावत जाऊन दार उघडलं. जिना रिकामा. परत येऊन बघते तर खुर्ची ओलीचिंब. खाली फरशीवर पाणी ठिबकत होतं. वास समुद्राचा नव्हता. शेवाळाचा होता, रानातल्या ओल्या मातीचा.

मग हे रोजचंच झालं. मावशी समोर दुसरं ताट वाढू लागली. त्यातला घास हलत नसे. पण नंतर तोच भात तिने तोंडात घातला, की त्याला चव नसायची. नुसता चोथा.

मावशीचं काळीज फाटलं. हे धबधब्यात गेले आणि उपाशीपोटी घरी आलेत, असंच तिच्या मनाने घेतलं. आरशासमोर उभी राहिली की कुंकू लावावं की पुसावं, तेही तिला कळेना. नवरा गेला म्हणून रडावं, तर तो रोज समोर येऊन बसतोय.

"तुम्हीच आहात ना? एकदा तरी बोला," ती विनवायची.

फक्त थेंब... थेंब...

शेवटची बस निघायच्या आदल्या दिवशी द्वारका तिला न्यायला आली, ती नेमकी जेवणाच्या वेळी. तिने दोन ताटं पाहिली. खुर्चीखालचं पाणी पाहिलं. पुढे यायची तिची छाती झाली नाही.

"शामले, ह्याका आवताण तू दिलंस," ती दारातूनच हळू आवाजात म्हणाली. "आता तूच उठव. नायतर तो तुझ्या वांगडा घराक येतलो." म्हणजे तो तिच्यासोबत थेट घरापर्यंत येणार.

जेवत्या माणसाला पानावरून उठवू नये. वैऱ्यालाही नाही. लहानपणापासून हेच शिकलेली माझी मावशी. पण खाली सैनिक घरं फोडत फिरत होते आणि ही बस गेली की दुसरी नव्हती. तिने हात जोडले. तिला हुंदका आवरेना.

"उठा आता. पुरे झालं."

खुर्ची मागे सरली. पावलं जिना उतरून गेली. अगदी सावकाश.

सप्टेंबरात मावशी सहार विमानतळावर उतरली. आणि बाहेरच्या गर्दीत...

देवदत्तकाका उभे होते.

गालफडं बसलेली, कपडे अंगावर लोंबणारे. पण जिवंत.

घरी आल्यावर काका सांगू लागले. पाय वगैरे काही घसरला नव्हता. परत जायला कुवेतच राहिलं नाही, म्हणून चौघेही तिथेच अडकून पडले होते. शेवटी कसेबसे मुंबईला पोचले आणि तेव्हापासून रोज विमानतळावर तिची वाट बघत होते.

"रोज दुपारी धबधब्यासमोर तुषारांत भिजत बसायचो," ते म्हणाले. "डोळे मिटले की तुझ्या हातचा डाळभात दिसायचा. खरं सांगतो, पोट भरायचं."

मावशीने पान वाढलं. काका बसले, एक घास घेतला... आणि ताडकन उठून उभे राहिले.

कोणीतरी बाई उठा म्हणते, असं ते म्हणाले. तिकडे एका दुपारी पहिल्यांदा ऐकलं होतं. तेव्हापासून पानावर बसलं की रोज.

डॉक्टर झाले, देवऋषी झाले. मावशी शेजारी बसून विनवायची, बसा हो, दोन घास तरी खा. काका बिचारे बसायचे. आणि उठायचे.

पुढच्या वर्षी कुवेत सुटलं. लोक पुन्हा आपापल्या नोकऱ्यांवर गेले. काका तोवर अंथरुणाला खिळले होते. शेवटच्या दिवशी मावशी चमच्याने पेज भरवत होती. काकांनी तिचा हात बाजूला केला.

"ती फार रडते गं," ते म्हणाले. "रडत रडत उठा म्हणते. कोण असेल बिचारी?"

काकांनी पेज घेतलीच नाही.

खुर्चीत येऊन बसायचं ते काय होतं, मला विचारू नका. मी मावशीलाही पुन्हा कधी विचारलेलं नाही. ती अजून आहे. आम्ही पंगतीत बसलो, की ती दुसऱ्या खोलीत जाते आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत तोंडावर पदर धरून गप्प बसून राहते.